शाळेच्या ग्रंथालयावर संशोधन करायचंय? अनुदानाचा पहिला प्रस्ताव लिहिण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपली की मला ठरलेले फोन येतात. कधी कऱ्हाडहून, कधी विट्याहून, एकदा तर जतच्या पूर्व भागातल्या एका गुरुजींचा आला होता. "सर, शाळेच्या लायब्ररीवर काम करायचंय. ग्रँट मिळंल का?" मी विचारतो, "पुस्तकं घ्यायला पाहिजे का अभ्यासाला?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "दोन्हीला."

दोन्हीला एकाच ठिकाणाहून मिळत नाही. पुस्तकांचा पैसा शाळेकडे समग्र शिक्षा अभियानातून येतो. शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान अशी त्यात तरतूद आहे. गावातल्या वाचनालयाला मिळतं ते अनुदान १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालचं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (स्थापना १९७२) मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे, त्यामुळे तिकडे शाळेचा अर्ज पाठवून टपालखर्च वाया घालवू नका. संशोधनाचा पैसा याहून वेगळा. तो एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मिळतो. संशोधनाच्या अंदाजपत्रकात दोन रॅक आणि एक प्रिंटर घुसवला की तपासणारा आधी त्यावरच काट मारतो.

बी.लिब., एम.लिब. झालेले विद्यार्थी, शाळेतले शिक्षक, अर्धवेळ ग्रंथपाल आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नव्याने लागलेली मंडळी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी स्वतः साताऱ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काढली. पहिला प्रस्ताव साभार परत आला, दुसराही आला.

आधी प्रश्न शोधा

माझ्या पहिल्या प्रस्तावाचं शीर्षक होतं, 'सातारा जिल्ह्यातील शालेय ग्रंथालयांचा चिकित्सक अभ्यास'. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांचं शीर्षक असंच असतं, त्यामुळे तेव्हा मला ते भारदस्त वाटलं होतं. परत आलेल्या पत्रात एकच ओळ होती. संशोधनाचा प्रश्न स्पष्ट नाही. मला राग आला. आज तोच प्रस्ताव माझ्याकडे तपासायला आला, तर मीही तीच ओळ लिहीन. 'चिकित्सक अभ्यास' म्हणजे नेमकं काय मोजणार आणि कशाशी ताडून पाहणार, ते त्यात कुठेच नव्हतं.

प्रश्न टेबलाशी बसून सापडत नाही, त्यासाठी शाळेत जावं लागतं. माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सकाळी अकराला पोचलो. पुस्तकं ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होती. किल्ली मागितली तर शिपाई मामा म्हणाले, "किल्ली बाईंकडं हाय, अन् बाई मीटिंगला गेल्यात." दुपारी बाई आल्या, कपाट उघडलं. पुस्तकं चांगली होती, सव्वातीनशेच्या आसपास, बरीचशी कोरी. मी देवघेव नोंदवही मागितली. जुलै महिन्याच्या एका पानावर तीस मुलांची नावं एकाच शाईत, एकाच अक्षरात, एकाच तारखेला. पुढची पानं कोरी.

मी काही विचारण्याआधी बाईच बोलल्या. "सर, पुस्तक हरवलं की ते डेडस्टॉकच्या (कायम वस्तूंच्या) वहीत माझ्या नावावर राहतं. बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यावं लागतं. मग मी कशाला वाटू?"

या एका वाक्यात अख्खा संशोधन प्रकल्प आहे. हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी शिक्षकावर नसेल तर देवघेव वाढते का? आणि देवघेव वाढली तर मुलांचं वाचन सुधारतं का? आता त्याच्या शेजारी एक नियम ठेवा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमावलीत (२०१७) नियम २१५ असा आहे की, वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं रास्त समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून जास्त किमतीचं किंवा दुर्मिळ पुस्तक हरवलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, माणमधल्या बाईंना तो आपोआप लागू होत नाही. पण एका ठिकाणी तूट धरलेली असते आणि दुसऱ्या ठिकाणी ती शिक्षकाच्या मनावर बसते, हा फरक प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर मांडता येतो.

आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत असे प्रश्न रग्गड आहेत. जतला कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तिथल्या कपाटात कन्नड पुस्तकं किती आणि मराठी किती? वाळवा, कऱ्हाड भागात गळीत हंगामाला ऊसतोड मजुरांची मुलं येतात, त्यांना हंगामापुरतं पुस्तक मिळतं का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नदीकाठच्या शाळांतली भिजलेली पुस्तकं निर्लेखित झाली का, म्हणजे नोंदीतून काढली का, आणि त्यांच्या जागी काय आलं? महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथल्या शाळेतली मुलं शेजारच्या गावातल्या मुलांपेक्षा जास्त वाचतात का? यातला एकच घ्या. चारही एका प्रस्तावात कोंबलेत तर पुन्हा 'चिकित्सक अभ्यास'च होईल.

आधी कुणी काय केलंय ते बघा

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात शिवाजी विद्यापीठाचे आणि इतर विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचायला मिळतात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्दांनी शोधा. परदेशातलं काम म्हणाल तर अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात १९९३ मध्ये झालेली पाहणी आणि ओहायोतल्या ३९ शाळांमधल्या १३ हजारांवर मुलांची पाहणी, या दोन्हींचा उल्लेख शालेय ग्रंथालयांवरच्या लेखनात सतत येतो. एक ध्यानात ठेवा. तिथे प्रशिक्षित पूर्णवेळ ग्रंथपाल हा मोठा घटक धरलेला आहे. आपल्या प्राथमिक शाळेत तो मुळातच नाही, म्हणून तिथले निष्कर्ष उचलून इथे चिकटवू नका. इफ्ला या ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची शालेय ग्रंथालयांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं (२०१५) आणि शिक्षण हक्क कायद्याची (२००९) अनुसूची हाताशी असू द्या. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टींसह सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत, असं त्या अनुसूचीत म्हटलंय. प्रस्तावात कायद्याचा आधार द्यायला तेवढं पुरतं.

पैसा कुठून

शिक्षक असाल आणि हा पहिलाच घास असेल तर एकदम दिल्लीकडे धाव घेऊ नका. आधी एका शाळेत कृतिसंशोधन करा, म्हणजे आपल्याच शाळेतली एक अडचण घेऊन त्यावर उपाय करून बघा. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद दरवर्षी नवोपक्रम स्पर्धा घेते. त्यातून हाती मोठी रक्कम येत नाही, पण पुढच्या प्रस्तावात 'पूर्वानुभव' या रकान्यात लिहायला काहीतरी होतं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या अधिव्याख्यात्यांना आपला प्रश्न दाखवून या. सातारा जिल्ह्याची ही संस्था फलटणला आहे, सांगलीची सांगलीत. तिथे अर्धा तास बसलं की आपल्या प्रश्नातली भोकं दिसतात.

त्याच्या पुढची पायरी राष्ट्रीय संस्थांची. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (आयसीएसएसआर, स्थापना १९६९) लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्प देते. शिक्षणशास्त्र तिच्या कक्षेत येतं आणि संलग्न विषयांत ग्रंथालयशास्त्रही आहे. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे. एनसीईआरटीची शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समिती, म्हणजे 'एरिक', १९७४ पासून शालेय शिक्षणावरच्या संशोधनाला पैसा देते. आपला विषय तिथे अगदी फिट बसतो. ग्रंथालयशास्त्राची मंडळी तिकडे फारशी का वळत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित 'हे बी.एड. वाल्यांचं' असं वाटत असावं. रकमेची मर्यादा, वयाची आणि पदवीची अट, शेवटची तारीख या गोष्टी दर जाहिरातीत बदलतात. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली मागच्या वर्षीची पीडीएफ धरून बसू नका, संस्थेच्या संकेतस्थळावरची ताजी जाहिरात उघडा.

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआर निधी हा तिसरा रस्ता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामावर खर्च करावी लागते. अनुभव सांगतो, 'संशोधन' म्हटलं की कंपनीचा माणूस घड्याळ बघतो. त्यांनी शाळांना पुस्तकं आधीच दिली असतील तर 'त्या पुस्तकांचं काय झालं ते पाहून सांगतो' असं म्हणा. काम तेच आहे, आणि हे त्यांना कळतं. पैसा घेणारी संस्था सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदलेली हवी.

परदेशी अनुदानाबद्दल दोनच गोष्टी. अमेरिकेची इन्स्टिट्यूट ऑफ म्युझियम अँड लायब्ररी सर्व्हिसेस ग्रंथालय संशोधनाला पैसा देत आली आहे, पण तो तिथल्या संस्थांसाठी. दुसरं, कुठूनही परदेशी रक्कम घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसरीकडे वळवता येत नाही. 'आमच्या ट्रस्टच्या खात्यावर घेऊ आणि तुम्हाला देऊ' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

यजमान संस्था

अनुदान सहसा तुमच्या खात्यावर येत नाही, संस्थेच्या खात्यावर येतं. म्हणजे कॉलेज, विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्था पाठीशी हवी. शाळेतल्या शिक्षकाने जवळच्या कॉलेजातल्या ग्रंथपालाला किंवा बी.एड. कॉलेजातल्या प्राध्यापकाला जोडीला घ्यावं. प्रमुख संशोधक ते आणि सहसंशोधक तुम्ही, अशी मांडणी बऱ्याचदा जास्त चालते. साताऱ्यात यात फार अडू नये. १९१९ मध्ये काले गावी स्थापन झालेल्या आणि १९२४ पासून साताऱ्यात मुख्यालय असलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थेकडे शाळाही आहेत आणि कॉलेजंही. नमुन्याच्या शाळा आणि यजमान कॉलेज एकाच छत्राखाली मिळाले तर परवानग्यांचं निम्मं काम हलकं होतं.

संस्थेचं हमीपत्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. माझा दुसरा प्रस्ताव त्यामुळेच बुडाला. प्राचार्य रजेवर, प्रभारींना सहीचा अधिकार नाही, लेटरहेड कपाटात आणि कपाटाची किल्ली (परत किल्लीच!) क्लार्कच्या खिशात. क्लार्क लग्नाला गेलेला.

शाळा निवडणं आणि परवानग्या

वरचाच प्रश्न पुढे नेऊ. समजा माणमधल्या १२ आणि वाईतल्या १२ अशा २४ शाळा घेतल्या. चौथी ते सातवीत किमान ३० मुलं असलेल्याच शाळा यादीत ठेवा, नाहीतर मोजायला मुलंच उरणार नाहीत. प्रत्येक तालुक्यात सहा शाळांत नवा नियम लावायचा. म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत पुस्तकं हरवली, फाटली तर ती प्रकल्पातून भरून द्यायची, शिक्षकाला विचारायचं नाही. उरलेल्या सहा शाळांत आहे तसंच चालू द्यायचं. कोणती शाळा कोणत्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तसं प्रस्तावात लिहा. ओळखीच्या मुख्याध्यापकांच्या सगळ्या शाळा पहिल्या गटात गेल्या की अभ्यास तिथेच संपतो.

यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा ११ अंकी क्रमांक (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो), पटसंख्या आणि ग्रंथालयाची माहिती असते. यादी तिथून काढा, पण 'ग्रंथालय आहे' या खुणेवर विसंबू नका. बाईंच्या कपाटालाही तीच खूण आहे.

परवानगी शिक्षणाधिकाऱ्यांची घ्यायची, प्राथमिक आणि माध्यमिकची वेगळी. तिची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांना द्या. पुस्तकभरपाईचा नवा नियम लावायला लेखी संमती लागेलच, नुसतं 'हो हो, करा' चालणार नाही. मुलांची नावं उतरवू नका, सांकेतिक क्रमांक द्या आणि पालकांची संमती मराठीत, एका पानावर घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीबाबतचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो.

वेळापत्रकही शाळेच्या सोयीने आखा. पाटण, जावळी, महाबळेश्वरला जुलैत कामाला जाऊ नका, एसटी पोचली तरी मुलं पोचलेली नसतात. दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलनं, फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा, मध्येच निवडणूक लागली तर शिक्षकांची ड्युटी, हे सगळं वजा केलं की वर्षात कामाचे फार महिने उरत नाहीत. प्रकल्पाचं वर्ष मंजुरीच्या आदेशापासून धरलं जातं आणि आदेश कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून 'पहिला महिना, दुसरा महिना' असं लिहा आणि खाली एक ओळ टाका की, आदेश उन्हाळ्यात आला तर पहिली चाचणी शाळा सुरू झाल्यावर घेऊ.

काय विचारायचं

'तुला वाचायला आवडतं का?' या प्रश्नाला साताऱ्यातली शंभर टक्के मुलं 'हो' म्हणतात, गुरुजी शेजारी उभे असतील तर जरा मोठ्याने. त्याऐवजी 'शेवटचं कोणतं पुस्तक घरी नेलं होतं? त्यात काय होतं?' असं विचारा. वाचन मोजायला 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत वापरतात तशी छोटी तोंडी चाचणी पुरते. एका मुलाला साधारण चार मिनिटं धरली तर ३० मुलांचे दोन तास होतात. देवघेव नोंदवहीचे फोटो घ्या आणि शाई-अक्षर बघा. एकाच दिवशी भरलेलं पान वेगळं मोजा, ती तुमची महत्त्वाची माहिती आहे.

अंदाजपत्रक

इथे सगळे घाबरतात, पण हिशेब सोपा आहे. आधी दिवस मोजा, पैसे नंतर. सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचणीला एका शाळेला एक दिवस, म्हणजे २४ दुणे ४८ दिवस. मधल्या एका फेरीत फक्त नोंदवही बघायची, दिवसाला दोन शाळा होतात, ते १२ दिवस. एकूण ६०. क्षेत्र सहायकाला रोज ८०० रुपये धरले तर ४८,००० आणि प्रवासाचे रोजचे ३०० धरले तर १८,०००. मुलं ७२०, चाचण्या दोन, म्हणजे १,४४० कागद. दोन रुपयांनी छपाई २,८८० आणि दहा रुपयांनी माहिती भरणं १४,४००. संख्याशास्त्राची मदत १०,०००, अहवालाच्या प्रती ६,०००, सीएची फी ५,०००. भरपाईसाठी १२ शाळांना प्रत्येकी १,५०० म्हणजे १८,०००. बेरीज १,२२,२८०. किरकोळ खर्चासाठी ५ टक्के, ६,११४. एकूण १,२८,३९४ रुपये.

दर मी समजावण्यापुरते घेतलेत. सहायकाचं मानधन आणि शीर्षनिहाय मर्यादा जाहिरातीत असतात, त्यात बसवा. १८,००० ही पुस्तकखरेदी नाही, तो प्रयोगाचाच भाग आहे, हे शेजारी एका वाक्यात लिहा. न लिहिल्यास काट बसणार हे नक्की. आणि आकडा 'गोल' करू नका. १,२८,३९४ बघून तपासणाऱ्याला कळतं की या माणसाने दिवस मोजलेत. दीड लाख बघून त्याला दुसरंच काहीतरी कळतं.

लिहिणं आणि नंतरचं

दिल्लीला जाणारा प्रस्ताव इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो. तरी पहिला खर्डा मराठीतच लिहा आणि घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं, "मग आधीच कपाट उघडं ठेवणाऱ्या बाई असतील, त्यांचं काय करणार?" तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. उत्तर असं निघालं की सुरुवातीच्या चाचणीआधीच दोन महिन्यांची देवघेव मोजून ठेवायची. इकडचे-तिकडचे परिच्छेद चिकटवू नका, साम्य तपासणीत उचललेला मजकूर सापडतो.

सादरीकरणाला बोलावलं तर दहा मिनिटं मिळतात. त्यातली आठ ग्रंथालयाच्या इतिहासावर घालवणारे मी पाहिलेत. नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो, शाळेचं नाव झाकून, पहिल्याच स्लाइडवर ठेवा.

पैसा हप्त्यांत येतो आणि पुढचा हप्ता आधीच्या हिशेबावर अडतो. सरकारी अनुदानाला, पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वर आलेल्या सामान्य वित्तीय नियमावलीच्या (जीएफआर) १२-अ नमुन्यात, लेखापरीक्षणासह द्यावं लागतं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीतच सीएला भेटा. सहायकाच्या पैशाची पावती, एसटीची तिकिटं, छपाईचं बिल, सगळं त्या-त्या दिवशी व्हाउचरला चिकटवा. एसटीचं तिकीट उन्हाळ्यात खिशात राहिलं की महिन्यात कोरं होतं, म्हणून त्याच संध्याकाळी फोटो काढून ठेवा.

अंतिम अहवालाबरोबर प्रत्येक शाळेसाठी मराठीत एक पान तयार करा. तुमच्या शाळेत किती पुस्तकं बाहेर गेली, किती परत आली, किती हरवली. ते पान मुख्याध्यापकांच्या हातात द्या आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. हरवलेल्यांचा आकडा लहान निघाला तर बाईंना पुढच्या बदलीच्या वेळी चार्ज देताना तो दाखवता येईल.